मैत्री स्थगित ठेवण्याबाबत

शहाऐंशी साली आमच्या ग्रामदेवीने माझ्याविरुद्ध निकाल दिला, आणि शिक्षा माझ्या थोरल्या बहिणीने भोगली.

यात देवीचा काही दोष नाही. तिने पुरावा नीट तपासला होता. दोष निकाल पुरता लागायच्या आत कोर्टातून उठून आलेल्या आरोपीचा, म्हणजे माझा. आज माझं वय एक्क्याऐंशी आहे. या वयात बाकीचे लोक आत्मचरित्र लिहितात आणि त्यात स्वतः फार सोसल्याचं सांगतात. मी दुसऱ्यांना सोसायला लावलं, तेवढंच सांगणार आहे. पानंही कमी लागतात.

तेव्हा आम्ही रत्नागिरीत राहायचो. घरात माणसं चार. मी, माझी बायको कुसुम, माझी विधवा बहीण आक्का आणि आमची एकुलती एक मुलगी सुलभा, म्हणजे सुलू. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होतो. कचेरीत आलेला प्रत्येक कागद माझ्या हाताखालून आत जायचा आणि बाहेर जाणारा माझ्या हाताखालून बाहेर. त्यामुळे जगातल्या कुठल्याही भानगडीवर योग्य मजकुराचं पत्र हाच उपाय असतो, अशी माझी ठाम समजूत झाली होती. (पगार त्याचाच मिळत होता. समजूत ठाम असणं भाग होतं.)

सुलूची एक मैत्रीण होती, नसीम. समोरच्याच घरात राहायची. तिचे वडील मस्कतला नोकरीला. पहिलीपासून दोघी एका बाकावर, एका छत्रीत आणि एका पेरूवर. दोघी ओट्यावर बसून तास न् तास हसायच्या. कशाला हसायच्या, ते त्यांनाही माहीत नसायचं. आक्का आतून ओरडायची, "अगो, पुरे करा! कौलां खाली येतील!"

दहावीच्या आधीच्या मे महिन्यात नसीमच्या वडिलांनी पूर्णगडला नवं घर बांधलं आणि ती मंडळी तिकडे राहायला गेली. सामान टेंपोत चढत होतं तेव्हा दोन्ही मुली हंबरडा फोडून रडत होत्या. आक्काने नसीमच्या हातात फणसपोळी ठेवली आणि म्हणाली, "जा गो बाय. आता आमच्या घरात जरा शांतता नांदेल."

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं नव्हतं. पण कुसुमने ठेवलं.

जूनपासून पत्रं सुरू झाली. आठवड्याला एक यायचं, एक जायचं. पत्र आलं की सुलू ते घेऊन विहिरीमागे जायची आणि तासाभराने चेहरा उजळून परत यायची. मला यात काही वावगं वाटलं नाही. पण जुलैतल्या चाचणी परीक्षेत तिला गणितात पन्नासपैकी सतरा मिळाले, आणि मला लगेच वाटलं, हा त्या पत्रांचाच प्रताप! खरं म्हणजे तिला सहावीपासून गणितात सतराच्या आसपासच मिळत होते. पण कारकुनाला एकदा कारण सापडलं की तो मागच्या फायली उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कचेरीत बसून पुढील पत्र लिहिलं. त्याची स्थळप्रत मी वर्षानुवर्षं जपली, म्हणून शब्दाला शब्द देतो.

"विषय : मैत्री स्थगित ठेवण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, कु. सुलभा ही इयत्ता दहावीत शिकत असून आपल्या पत्रव्यवहारामुळे तिच्या अभ्यासात व्यत्यय येत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, सदर मैत्री शालान्त परीक्षा संपेपर्यंत स्थगित ठेवण्यात येत आहे. सदर विद्यार्थिनीकडून पत्र आल्यास त्याची दखल घेण्यात येऊ नये. आपला विश्वासू."

वर जावक क्रमांकही टाकला. पंधरा वर्षांच्या मुलीला "महोदया" म्हटलं, म्हणजे आपण सभ्यपणा राखला, असंही मला वाटलं. पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन दोन वाट्या आमटी जास्त प्यायलो.

नसीमची पत्रं बंद झाली. मुलगी आज्ञाधारक निघाली! सुलूने एक पत्र लिहिलं, दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. उत्तर नाही. पोस्टमन दिसला की ती फाटकापर्यंत धावायची. मग चालत जायला लागली. मग खिडकीतून बघायला लागली. गणपती आले आणि गेले, तोवर तिने तेही सोडलं.

आता तिच्याकडे अभ्यासाला भरपूर वेळ होता. ती पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायची नाही. जेवायला बसली की भाताचे ढीग करायची, मोडायची. ज्या घरात हसण्याने कौलं खाली येणार होती, तिथे आता पालीने चुकचुक केलं तरी आम्ही दचकायला लागलो. सहामाहीत तिला गणितात अकरा गुण मिळाले.

"डॉक्टरांकडे न्या हो तिला," कुसुम म्हणाली.

डॉक्टरांनी जीभ पाहिली, डोळे पाहिले, आणि सुलूला बाहेर बसवून आम्हाला म्हणाले, "आजार काही नाही. मुलगी मनातून खचलीय. तिच्याशी बोला. आणि हे टॉनिक द्या."

दोन उपाय होते. टॉनिक सोपं होतं, ते लगेच सुरू केलं. बोलण्याचं काम वडील म्हणून माझ्याकडे आलं.

"सुलू, काय होतंय तुला?"

"काही नाही."

"नक्की?"

"हो."

"बरं मग."

असा सखोल संवाद झाल्यावर मी बाहेर येऊन कुसुमला सांगितलं, "बोललो तिच्याशी. काही नाही म्हणते."

पण मला माहीत होतं! ऑगस्टपासून मला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोललो असतो तर काम झालं असतं. पण ते वाक्य आज बोललो तर "काल का नाही बोललात?" हा प्रश्न येणार, आणि जितके दिवस जातील तितका तो प्रश्न मोठा होणार. म्हणून मी उत्तर लांबवत राहिलो. कचेरीत याला "प्रकरण विचाराधीन आहे" म्हणतात.

आक्काने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. उपयोग झाला नाही. मग तीच म्हणाली, "नाना, हे डॉक्टरचा काम नाय. गावी जाऊया. देवीला गाऱ्हाणा घालूया. पोरीचा कुणीतरी वाकडा केलान."

"कोण कशाला वाकडं करील?" मी म्हणालो. माझा आवाज जरा वर गेला असावा, कारण मांजर उठून बाहेर गेलं.

"ते देवी सांगेल की!"

मी रजा शिल्लक नसल्याचं सांगितलं. कुसुम म्हणाली, दसऱ्याला सुट्टीच असते. माझी कोंडी झाली.

दसऱ्याला आम्ही एस.टी.ने गावी गेलो. देवळात बरीच गर्दी होती. गाऱ्हाणं म्हणजे काय, हे कोकणात सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. घरातली जी गोष्ट तुम्ही शेजाऱ्यालाही कळू देत नाही, ती गुरव देवापुढे उभा राहून साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला गाव "होय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतं. सुलू खांबाला टेकून उभी होती. दाजी गुरवाने गळा साफ केला, तशी तिने मान जी खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही.

"बा देवी म्हाराजा! ही नानाची लेक तुझ्या पायाशी आणलीय!"

"होय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"हिची जिवाभावाची मैत्रीण हिला विसरली, म्हणून पोर जेवत नाय, बोलत नाय म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

(पंधरा वर्षांच्या मुलीचं दुखणं अशा रीतीने दोनशे माणसांत वाटून हलकं करण्यात आलं.)

"कोण आडवा आला असंल, कुणी वाकडा केला असंल, तर त्याचा वाकडा त्याच्याच दारात नेऊन टाक म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी गप्प होतो. कुसुमने कोपर मारलं. "तोंड उघडा की! आपल्याच मुलीचं गाऱ्हाणं आहे."

"होय म्हाराजा," मी म्हणालो. स्वतःच्या वाटोळ्याला एवढ्या नम्रपणे संमती देणारा माणूस त्या देवळात दुसरा नसेल.

एवढ्यावर भागलं असतं, पण आक्का म्हणाली, "दाजी, कौल लावा. सोक्षमोक्ष होऊ दे." कौलाची रीत अशी की देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"बाहेरच्या कुणाचा हात हाय?"

डावी कळी पडली. नाही!

"मग घरातल्याचाच हाय?"

विचारायचा अवकाश, उजवी कळी टपकन खाली. इतक्या झटपट निर्णय मी आमच्या कचेरीतही पाहिला नव्हता.

देवळात कुजबुज सुरू झाली. घरातली जाणती माणसं तीन. दाजीने नव्या कळ्या लावल्या. "पुरुषमाणूस, की..."

"पुरे!" मी ओरडलोच. "देवीला किती त्रास द्यायचा! आणि पाचची गाडी चुकेल!"

लोकांनी घड्याळं पाहिली. साडेतीन वाजले होते. पण शहरात राहणाऱ्या माणसाला गाडीची घाई असतेच, असं सगळ्यांनी धरलं. मी पुढे होऊन नारळ फोडला आणि तीर्थ मागितलं. चौकशी माझ्या पुढाकाराने तहकूब झाली.

घरी आल्यावर कुसुमने पदर खोचला.

"आक्का, खरं सांगा. 'आता घरात शांतता नांदेल', असं नसीमला कोण म्हणालं होतं?"

आक्का बघतच राहिली. "अगो, ते मी गमतीत बोलले! फणसपोळी दिली ना तिला!"

"पोळी दिलीत, आणि वर टोमणाही दिलात. लागलं असेल त्या मुलीच्या मनाला. म्हणून पत्र नाही. देवी खोटं बोलेल का?"

आक्काने माझ्याकडे पाहिलं. "नान्या, तू तरी सांग हिला. माझा काय चुकला?"

माझ्या आयुष्यातली ही सर्वांत सोपी परीक्षा होती. प्रश्न एकच, उत्तर तोंडपाठ. मी म्हणालो, "जाऊ दे आता. झालं ते झालं."

या वाक्याने आक्काचा गुन्हा शाबीत झाला. वाईट म्हणजे, तिलाही हळूहळू ते खरं वाटायला लागलं. तिने सोमवारबरोबर गुरुवारही धरला, चहा सोडला. सुलू तिला म्हणायची, "आत्या, असं काही नसेल गं," पण तो आवाजच इतका मेलेला होता की आक्काला आणखी रडू यायचं. दिवाळी झाल्यावर तिने गाठोडं बांधलं आणि सावर्ड्याला दिराकडे निघून गेली. जाताना म्हणाली, "माझी जीभच काळी. पोरीपासून लांब बरी."

मी तिला एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. खिडकीची जागा मिळवून दिली. भाऊ म्हणून तेवढं कर्तव्य केलं.

आता घरात एक बाई कमी आणि एक मुलगी असून नसल्यासारखी. डिसेंबरात सुलूने आईला सांगितलं, "मी परीक्षेला बसणार नाही." का, विचारलं तर म्हणाली, "काय उपयोग?" प्रकरण आता विचाराधीन ठेवणं शक्य नव्हतं. तेव्हा मी धाडस गोळा केलं, आणि काय केलं? दुसरं पत्र लिहिलं!

"विषय : मैत्री पूर्ववत सुरू करण्याबाबत. महोदया, या विषयावरील यापूर्वीचे पत्र रद्द समजण्यात यावे. सदर मैत्री तात्काळ प्रभावाने सुरू करण्यास आमची हरकत नाही."

आठवड्याने कचेरीच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाकीट आलं. अक्षर नसीमचं.

"महोदय, आपला अर्ज मिळाला. अर्जात माफी हा शब्द कोठेही आढळून येत नाही. सबब, अर्ज फेटाळण्यात येत आहे. अर्जदाराने येत्या रविवारी पूर्णगड येथे समक्ष हजर राहावे. सोबत सुलूला आणावे. आणली नाही तर मी स्वतः येऊन काकूंना दोन्ही पत्रं दाखवीन. कळावे."

एवढा मुद्देसूद मजकूर आमच्या साहेबांनाही जमत नसे.

रविवारी मी सुलूला घेऊन निघालो. "कुठे जायचंय?" "जरा काम आहे." पूर्णगडच्या वाटेवरचं पावस गाव मागे पडलं तशी ती ताठ बसली. खाडी दिसायला लागली तेव्हा म्हणाली, "बाबा, मला उतरायचंय. तिला मी नकोय." मी तिचा हात धरला.

नसीम दारातच उभी होती, हातात दोन कागद. मला पाहून म्हणाली, "या काका. ओळखपत्र आणलंय?"

मग दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. आतून नसीमची आजी आली आणि तिने माझ्या हातात गल्फमधून आलेल्या पावडरचं नारिंगी सरबत दिलं. ते हातात धरून मी उभा.

"तीन पत्रं लिहिली मी," सुलू म्हणाली.

"मला दखल घ्यायची बंदी होती. वाच."

सुलूने वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहून अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. म्हणून ती सोडून गेली. चार महिने मी तेच शोधत होते, काय खोट आहे ते."

तसं वाक्य आवक नोंदवहीत कधी आलंच नव्हतं.

सुलू रडायला लागली. नसीमने तिच्या हातातून कागद ओढला आणि आकाशवाणीवरच्या बातम्यांच्या आवाजात वाचायला लागली, "सदर विद्यार्थिनीकडून पत्र आल्यास..." सुलू रडता रडता फिस्सकन हसली. "ए सदर!" नसीम म्हणाली. "रडू नको गो सदर!" आणि मग दोघी जमिनीवर बसून अशा हसल्या की आजी स्वयंपाकघरातून धावत आली. माझ्यावर हसत होत्या. मी सरबत प्यायलो. फार गोड होतं.

(नसीम आजही तिला फोनवर "सदर" म्हणते. दोघी आता पंचावन्नच्या आहेत.)

परत येताना सुलू गाडीत म्हणाली, "मी आईला सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं. तुम्ही सांगेपर्यंत मी गप्प." मला वाटलं, सुटलो. मुलगी किती कठोर आहे, हे मला तेव्हा कळलं नाही.

सुलू जेवायला लागली, बोलायला लागली, परीक्षेला बसायला तयार झाली. (पुढे गणितात पस्तीस. पास!) आणि कुसुम ज्याला त्याला सांगत सुटली, "बघा! आक्का सावर्ड्याला गेल्या आणि पोर सुधारली! देवीचा कौल खोटा होत नाही."

म्हणजे माझी चूक दुरुस्त झाली, तो आक्काविरुद्धचा शेवटचा पुरावा ठरला!

शिमग्याच्या आधी मी सावर्ड्याला गेलो. आक्का चुलीपुढे होती. मी सगळं सांगितलं, पत्राच्या मजकुरासकट. तिने भाकरी उलटली.

"म्हायत हाय. सुलूने पत्र धाडलान. पुतण्याने वाचून दाखवलान."

"आक्का, चुकलो गं."

"मग माझ्या कानात काय सांगतोस? मी काय तुझ्या पाया पडलेले, सांग म्हणून? जिथं मला डाग लागला तिथं सांग. गावात. चार माणसांत."

"सांगतो. या शिमग्यालाच सांगतो. तू घरी चल."

ती आली. त्या शिमग्याला गावी घरोघर फिरणाऱ्या देवीच्या पालखीसोबत फार गर्दी होती. पुढच्या वर्षी माझा घसा बसला होता. त्याच्या पुढल्या वर्षी सुलूचं लग्न ठरत होतं, घराण्याचा प्रश्न! पुढची अठ्ठावीस वर्षं आक्का आमच्याबरोबर राहिली. घरात सुलूच्या मैत्रिणी आल्या की कुसुम तिला म्हणायची, "आक्का, तुम्ही आत बसा हं, काही बोलू नका." ती आत बसायची. दर शिमग्याला पालखी दारात आली की माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "काय रे नान्या, याही वर्षी गर्दी जास्त हाय?"

शेवटच्या वर्षी तिने विचारलंच नाही. तेव्हाही गर्दी होतीच. मग ती गेली.

यंदा पालखी गावच्या घरी आली तेव्हा मी काठी टेकत पुढे झालो. दाजीचा मुलगा आता गुरव आहे. त्याला थांबवलं, ढोल थांबवले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, "शहाऐंशी साली देवीने घरातल्या माणसाचा दोष सांगितला होता. तो दोष आक्काचा नव्हता. माझा होता. पत्र मी लिहिलं होतं."

कुसुमने पदर डोळ्यांना लावला. "अहो, किती मोठं मन तुमचं! बहिणीचा दोष या वयात अंगावर घेताय!"

"अगं, नाही! खरंच मी..."

"असा भाऊ हवा," कोणीतरी म्हणालं. गुरव म्हणाला, "देवमाणूस हायत नाना." भावकीतल्या दोन सुना पाया पडल्या.

मी घाईघाईने सुलूला फोन लावला. "सुलू, तू सांग यांना! तुला सगळं माहितीय!"

"बाबा," ती पलीकडून म्हणाली, "चाळीस वर्षं तुम्ही गप्प बसलात तेव्हा सगळ्यांना पटलं. आता बोलताय तर स्वतः पटवा." आणि तिने फोन ठेवला.

मी दोनदा मोठ्याने "नाही, नाही" म्हणालो. तिसऱ्यांदाही म्हणणार होतो. पण तेवढ्यात कोणीतरी बसायला खुर्ची दिली, गळ्यात हार घातला, आणि एवढ्या प्रेमाने दिलेला मान नाकारणं मला बरं दिसेना.